रुळावरून आलेलं गाव

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



सचिवांनी मला दोन अटी घातल्या आहेत. एक, वीस मिनिटांत आटपा. दोन, बँकेबद्दल बोलू नका. पहिली अट पाळायचा प्रयत्न करीन. दुसरी थोडी मोडणार आहे, त्याबद्दल आत्ताच माफी मागतो.

नोकरीत असताना माझ्या बारा-तेरा बदल्या झाल्या. जिथं गेलो तिथं पहिल्या दिवशी एकच संवाद व्हायचा. "गाव कोणतं तुमचं?" "वणी." "अरे वा, सप्तशृंगी देवीची वणी!" मग मी सांगायचो, ती नाशिकची. आमची विदर्भातली, यवतमाळ जिल्ह्यातली. मग समोरचा थोडा हिरमुसायचा. "तिकडं काय आहे?" म्हणायचा. मी म्हणायचो, "कोळसा आहे." संवाद तिथंच संपायचा.

पण उत्तर अपुरं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. कोळसा तर जमिनीखाली लाखो-करोडो वर्षं पडून होता. त्यानं गाव होत नाही. तो उचलून न्यायला काहीतरी लागतं. आज मला त्या "काहीतरी"बद्दल, म्हणजे आपल्या रेल्वेबद्दल बोलायचं आहे. आणि तिथून आपल्या सोसायटीपर्यंत यायचं आहे.

आता कुणी म्हणेल, वणी तर रेल्वेच्या आधीपासून आहे. बरोबर आहे. निर्गुडेच्या काठचं हे जुनं गाव. रंगनाथस्वामी इथं आधीपासून, जैताई आधीपासून. लोकनायक बापूजी अणे इथंच जन्मले, १८८० साली. जुन्या इंग्रजी कागदांत तर अख्ख्या जिल्ह्याचं नाव आपल्या गावावरून होतं. 'वुन डिस्ट्रिक्ट' म्हणत. गंमत अशी की नाव वणीचं आणि कचेरी यवतमाळला. १९०५ साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा नावही यवतमाळचं झालं. आपल्या गावचे म्हातारे सांगत, "नाव गेलं तं गेलं, गाडी तं आली!"

त्या काळी हा सीमेवरचा मुलूख होता. वर्धा नदीच्या अलीकडे वऱ्हाड. म्हणजे मालकी निजामाची, पण १८५३ च्या तहानं कारभार इंग्रजांच्या हाती. नदीच्या पलीकडे चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. ते नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेलं. आपलं गाव असं एका राज्याच्या अगदी काठावर. काठावरच्या गावाला कुणी विचारत नाही. कापूस पिकायचा, पण बैलगाडीत भरून नदी ओलांडायची आणि पलीकडचा बाजार गाठायचा. पावसाळ्यात नदी आडवी आली की सगळं बंद.

मुंबई-ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. तिथून चौदा वर्षांत, १८६७ साली, जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. ती जिथून गेली तिथला नकाशाच बदलून गेला. वर्ध्याचंच घ्या. तिथं पालकवाडी नावाचं खेडं होतं. रेल्वे येणार म्हणून १८६६ साली तिथं आखीव रस्त्यांचं नवं शहर वसवलं आणि जिल्ह्याचं ठाणं तिथं नेलं. बडनेरा, धामणगाव, पुलगाव, सगळ्यांचं नशीब स्टेशनानं उघडलं. यवतमाळचा माणूससुद्धा गाडी धरायला धामणगावला जायचा.

रेल्वेला इथं ओढणाऱ्या गोष्टी दोन होत्या. एक पांढरी, एक काळी. पांढरी म्हणजे कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. काळी म्हणजे कोळसा. इंजिनाला कोळसा लागायचा आणि तो बंगालहून किंवा थेट विलायतेहून आणायचा म्हणजे मसाल्यापेक्षा भाजी स्वस्त अशी गत. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे हे कळल्यावर सरकारनं १८७१ साली वरोऱ्याला खाण सुरू केली आणि त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रूळ टाकले. त्या रेल्वेचं नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल मुंबई सोडून नागपूरला काढली, त्याचं एक कारण हेच. कापूसही जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही जवळ.

पुढे ती लाईन वरोऱ्याहून भांदक, चांदा करत बल्लारपूरकडे गेली. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत माजरीला एक फाटा फुटला. तो वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडात शिरला आणि वणीवरून राजूरला गेला. कशाकरिता? वणीच्या माणसाला नागपूर दाखवायला नव्हे. राजूरचा कोळसा न्यायला. आपण त्या गाडीत आयत्या वेळी चढलेले पाव्हणे!

पण पाव्हण्यानं घर बांधलं. राजूरला कोळसा होता, चुनखडकही होता. चुन्याच्या भट्टीला दोन्ही लागतात. आणि पोतं बाहेर न्यायला गाडी दारात. म्हणून तिथं चुनाभट्ट्या उभ्या राहिल्या. वणीत जिनिंग-प्रेसिंग आली, कारण दाबलेली गाठ वाघिणीत चढवता येते, मोकळा कापूस नाही. अडते आले, मारवाडी-कच्छी दुकानदार आले. तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेशातून खाणीत काम करणारी माणसं आली. आज आपल्या बाजारात एका पानठेल्यावर उभं राहिलं की तेलुगू, हिंदी, छत्तीसगडी आणि आपली वऱ्हाडी एकाच चहात बुडवलेली ऐकू येते, ती त्या फाट्याची देणगी आहे.

या लाईननं आणखी एक गोष्ट केली. तिनं आपलं तोंड फिरवलं. जिल्ह्याचं ठाणं यवतमाळ शंभरावर किलोमीटर, चंद्रपूर त्याच्या जवळपास निम्म्यावर. सरकारी कागद यवतमाळला, दवाखाना-बाजार चंद्रपूर-नागपूरला. आज आपला जिल्हा यवतमाळ आणि लोकसभा मतदारसंघ चंद्रपूर. पुष्कळांना हे विचित्र वाटतं. मला नाही वाटत. रूळ जिकडे गेले तिकडे माणसं गेली.

आता थोडं घरचं सांगतो. माझे बाबा याच लाईनवर गँगमन होते. नंतर कीमन झाले. नवीन मुलांना कीमन म्हणजे काय ठाऊक नसेल. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवी झेंडी, आणि रोज आपल्या हद्दीतला प्रत्येक स्लीपर पाहत चालायचं. रुळाला धरून ठेवणारी चावी सैल झाली असली की हातोड्यानं ठोकायची, फिशप्लेटचा बोल्ट आवळायचा. उन्हाळ्यात रूळ तापून फुगतात, हिवाळ्यात आखडून तडकतात. हातोड्याच्या आवाजावरून बाबांना कळायचं. चांगला रूळ टणकन वाजतो, तडकलेला बद्द वाजतो. मी लहान असताना त्यांनी मला एकदा दोन्ही आवाज ऐकवले होते. पुढे बँकेत कर्जाचे कागद तपासताना मला तो बद्द आवाज कितीदा आठवला सांगू!

पावसाळ्यात त्यांची ड्युटी वर्धेच्या पुलावर लागे. पुलाच्या खांबावर पाण्याची पातळी मोजायच्या खुणा रंगवलेल्या असतात. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की गाडी थांबवायची. रात्रभर कंदील घेऊन बसायचं. आई आम्हाला सांगायची, "झोपा, तुमचे बाबा नदीले पाहून राहिले." आम्हाला वाटायचं, नदी बाबांच्या भरवशावर आहे.

आम्ही सहा भावंडं एका खोलीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. घरात घड्याळ नव्हतं, लागतच नव्हतं. गाडी गेली की आई कुकर नव्हे, चूल पेटवायची. स्टेशन गावापासून जरा बाजूला, म्हणून शाळेतली मुलं आम्हाला 'टेशनावरचे' म्हणत. म्हणजे गावातले नव्हेत. बाबा केळापूर तालुक्यातून पोटासाठी आलेले. पस्तीस वर्षं या गावचे रूळ राखले, तरी शेवटपर्यंत कुणी विचारलं की म्हणायचे, "आमी बाहेरचे जी."

मी इथल्याच कॉलेजात बी.कॉम. झालो आणि बँकेत लागलो. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. खेड्यापाड्यांत शाखा निघत होत्या, गँगमनच्या पोरालाही खुर्ची मिळायचे ते दिवस. बाबांनी पहिल्या दिवशी माझे बूट स्वतः पुसून दिले. ते मी विसरू शकत नाही.

इथं आता मी ती दुसरी अट मोडतो.

१९७३ साली खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. जमिनीखाली बोगदा करून कोळसा काढण्याऐवजी वरून जमीनच उघडायची पद्धत वाढली. उकणी, नीलजई, मुंगोली, जुनाड, घोन्सा ही नावं तुम्हाला पाठ आहेत, तुमच्यापैकी कित्येकांची नोकरी तिथं गेली. उघड्या खाणीला जमीन लागते. ज्यांची गेली त्यांना मोबदल्याचे चेक मिळाले. ते चेक भरायला शेतकरी आमच्या शाखेत येत. मी तेव्हा त्या शाखेत कर्जाचं टेबल पाहत होतो.

एक दिवस एक म्हातारे शेतकरी आले. धोतर, खांद्यावर दुपट्टा. चेक माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, वावर तं गेलं. आता हे पैसे कुठी पेरू?"

मी हसलो. मला तो विनोद वाटला. शाखेला त्या वर्षी वाहन कर्जाचं उद्दिष्ट होतं, ते पुरं व्हायचं होतं. मी म्हणालो, "काका, आता कोळशाचा जमाना आहे. ट्रक घ्या. अर्धे पैसे तुम्ही भरा, अर्धे आम्ही देतो. खाणीवर लावून द्या. घरबसल्या उत्पन्न." त्यांचा मुलगा सोबत होता, त्याचे डोळे चमकले. म्हातारे गप्प होते. जाताना एवढंच म्हणाले, "आमी कधी चाक नाई चालवलं जी. नांगर चालवला."

दोन वर्षांत ट्रक उभा राहिला. ठेका दुसऱ्याला गेला, टायर गेले, हप्ते थकले. ट्रक ओढून आणायच्या कागदावर सही माझीच होती. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. ऑडिटला एक शेरा आला नाही. पुढे ते काका मला आठवडी बाजारात दिसले. दुसऱ्याच्या वावरातली वांगी विकत बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या साहेब." एक किलो वांगी दिली, पैसे घेईनात.

त्या दिवशी बद्द आवाज मला ऐकू यायला पाहिजे होता. आला नाही, कारण मी उद्दिष्टाचा आवाज ऐकत होतो. चाळीस वर्षं झाली. घरात सौ.ला सोडून हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला सांगतो, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे.

काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. पण तो प्रश्न एकट्या माणसाचा नाही, गावाचा आहे. कोळशातून आलेले पैसे कुठं पेरायचे? कोळसा परत उगवत नाही. वरोऱ्याकडे पाहा. जिच्यासाठी रेल्वे आली ती वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. जेमतेम पस्तीस वर्षं चालली. बाबांच्या नोकरीएवढी! खाण गेली, पण रूळ राहिले. कापसाचा बाजार राहिला, शाळा राहिल्या. आणि पुढे १९५१ साली बाबा आमटे यांनी तिथल्याच माळरानावर आनंदवन उभं केलं. आज वरोरा म्हटलं की खाण कुणाला आठवते? आनंदवन आठवतं. गाव कशामुळे जन्मलं ते त्याच्या हातात नसतं. पुढे कशामुळे ओळखलं जाईल, ते मात्र तिथल्या माणसांच्या हातात असतं.

आता आपल्या सोसायटीकडे येतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपली पहिली सभा माझ्या भाड्याच्या घराच्या ओसरीवर झाली. सतरंजी शेजाऱ्यांची, चहा आमचा, साखर संपली म्हणून शेवटच्या चौघांना गुळाचा. पहिल्या सभासदांची यादी मी परवा पुन्हा काढून वाचली. खाणीतले ओव्हरमन, शाळेतले गुरुजी, वीज मंडळाचे लाईनमन, एसटीचे वाहक, कॉलेजातले प्राध्यापक, एक नर्सबाई, एक चुनाभट्टीचे मुनीम. वणीत जन्मलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. सगळे बाहेरचे! कुणी रुळावरून आलेलं, कुणी रस्त्यानं. त्या दिवशी मी घरी जाऊन बाबांना म्हटलं, "बाबा, आता आपल्या नावावर वणीत प्लॉट झाला." बाबा तेव्हा थकले होते. त्यांनी विचारलं, "लाईनपासून किती दूर?" मी सांगितलं, "रात्री गाडीचा आवाज येतो." म्हणाले, "मंग ठीक हाय."

ते या घरात चारच महिने राहिले. पण घराच्या उताऱ्यावर नाव पाहून गेले.

पहिली दोन वर्षं रस्ता नव्हता, पाणी टँकरचं. नवीन सुना चिखलातून चपला हातात घेऊन यायच्या. त्याच सुना आज इथं पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारत आहेत, कारण जेवण थंड होतंय. तेव्हा आवरतो. पण एक गोष्ट राहिली.

आपल्या मधल्या खुल्या जागेचा विषय येत्या वार्षिक सभेत आहे. कोळसा वाहतुकीच्या ट्रकांच्या पार्किंगला ती भाड्यानं द्यावी असा प्रस्ताव आला आहे. भाडं चांगलं आहे, मी आकडा पाहिला आहे. प्रस्ताव आणणारे आपलेच सभासद आहेत, त्यांचा हेतू वाईट नाही. देखभाल निधी कमी पडतो, टाकी गळते, निम्म्या घरांतली मुलं पुण्या-हैदराबादला, काही घरांना वर्षाचे दहा महिने कुलूप. पैसा लागतोच. मंजूर लेआऊटमधली खुली जागा अशी देता येते का, हा कायद्याचा प्रश्न वेगळा, तो वकिलांना विचारू.

मी कुणाला मत कसं द्या हे सांगणार नाही. एवढंच सांगतो की एकदा मी टेबलापलीकडच्या माणसाला "ट्रक घ्या" म्हणालो होतो, आणि तेव्हाही आकडा चांगलाच होता. त्या जागेत संध्याकाळी मुलं खेळतात, बायका बसतात, पोळ्याला बैल उभे राहतात. आपण सगळे बाहेरचे एकमेकांचे झालो ते त्या जागेत. भिंती तर भाड्याच्या घरालाही होत्या.

माझ्याकडून एक पर्याय देतो. टाकीच्या दुरुस्तीचा खर्च सर्वांनी घरपट वाटून घेऊ. ज्यांना जड जाईल त्यांनी मला एकांतात सांगावं, त्यांचा वाटा मी माझ्या पेन्शनमधून भरीन. हे दान नाही. एक जुना हप्ता थकला आहे, तो फेडतो आहे असं समजा. काका आता नाहीत. त्यांच्या मुलाकडे मी गेलो होतो, त्यानं चहा पाजला आणि पैशाचा विषय काढू दिला नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. आपली लाईन पुढे पिंपळखुटीवरून आदिलाबादला जोडली गेली. पूर्वी वणीपाशी, फार तर राजूरला संपणारे रूळ आता नांदेडकडे जातात. नंदिग्राम एक्सप्रेस आपल्या स्टेशनावरून जाते, तिच्यात बसून तुम्ही शिकायला जाता. जा, अडवत नाही. आम्हीही असेच कुठून तरी आलो. पण सुटीत याल तेव्हा शेजारच्या आजोबांजवळ अर्धा तास बसा आणि एकच प्रश्न विचारा, "तुम्ही वणीत कसे आलात?" ते काय सांगतात ते एका वहीत लिहा. पहिलं पान मी माझ्या बाबांचं लिहून दिलं आहे, वही ऑफिसात ठेवली आहे. पुढच्या स्मरणिकेपर्यंत ती भरली, तर आपल्या गावाचा खरा इतिहास आपल्याजवळ असेल. सरकारी कागदात कोळशाचे टन सापडतील. कंदील घेऊन पुलावर कोण बसलं होतं, ते सापडणार नाही.

आता कुणी मला विचारलं की "तिकडं काय आहे?" तर मी कोळसा म्हणत नाही. म्हणतो, "आमची सोसायटी आहे. या कधी. गाडी येते तिथपर्यंत."

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. जेवायला चला.